तुमच्या डोक्यावरचं आभाळ: आपापल्या गावची विलक्षण हवा इथे सांगा

पर्वतीपायथा

परवा दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आमच्याकडे पुण्यात सहकारनगरात वळीव आला. आधी हवा एकदम थांबली. मग पूर्वेकडून धुळीचा लोट, दारं-खिडक्या धाडधाड आपटायला लागल्या, गच्चीवर पापड्या घातलेला प्लास्टिकचा कागद चार विटांसकट ओढला गेला, आणि गारा सुरू झाल्या. पहिल्या हरभऱ्याएवढ्या, मागून आलेल्या सुपारीएवढ्या. एक गार उचलून नीट पाहिली. मधोमध दुधासारखा ठिपका, त्याभोवती काचेसारखं कडं, त्यावर परत पांढरा थर. कांदा आडवा चिरल्यावर दिसतो ना, अगदी तशी. वीस मिनिटांत अंगण पांढरं झालं आणि त्यावर कैऱ्यांचा सडा.

त्याच वेळी कोथरूडला धाकट्या बहिणीला फोन केला. "ताई, इथे रणरणतं ऊन आहे, आत्ताच कुरडया उलथून आले," म्हणाली. मधे सरळ रेषेत सहा-सात किलोमीटर. दुसऱ्या दिवशी पेपरात शहराचा पाऊस एक मिलिमीटरसुद्धा नव्हता.

मला २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवली. तेव्हा आम्ही आंबिल ओढ्यापासून दोन इमारती आत राहायचो. नऊच्या सुमारास पावसाचा जोर वाढला आणि दहानंतर ओढ्याचं पाणी मागच्या भिंतीवरून आत आलं. पार्किंगमधल्या गाड्या एकमेकींना घासत फिरायला लागल्या. त्यांचे हॉर्न आपोआप वाजत होते आणि दिवे पाण्याखालून पिवळे दिसत होते. तळमजल्यावरच्या आजींना आम्ही चौघांनी खुर्चीसकट जिन्यावर घेतलं. त्या एका रात्रीत शहर आणि आसपास मिळून वीसहून जास्त माणसं गेली. अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, कात्रजकडच्या वस्त्या. दावणीला बांधलेली जनावरं जागच्या जागी गेली. सकाळी औंधच्या मैत्रिणीचा मेसेज आला, "आज ऑफिसला उशीर का?" तिला यातलं काहीही कळलेलं नव्हतं.

तेव्हापासून मला वाटतं की 'पुण्यात पाऊस' हे वाक्यच अपुरं आहे. हवा गल्लीची असते, डोंगराच्या कुशीची असते. इथे जगभर राहणारे, फिरलेले लोक आहेत. तुमच्याकडची हवा सांगा. विक्रम सांगा, पण त्या हवेत कपडे कसे वाळतात, काय ऐकू येतं, माणसं घराबाहेर पडताना काय बघून पडतात, तेही सांगा.

बाष्प

धागा फार आवडला. मी वेधशाळेत नोकरी केली, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. शिवाजीनगरच्या आमच्या ऑफिसला जुने लोक अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात, कारण हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून इथे आलं.

तुम्ही गार उचलून पाहिलीत याचं मला फार अप्रूप वाटलं. ते थर म्हणजे गारेचा प्रवासच आहे. उंच ढगात पाण्याचे थेंब शून्याच्या खाली जाऊनही न गोठता तरंगत असतात. ते गारेवर आपटून लगेच गोठले तर आत हवा अडकते आणि थर पांढरा होतो. पाणी भरपूर असलं आणि गोठायला सवड मिळाली तर हवा निसटते, थर काचेसारखा होतो. वरती जाणारा वारा जितका वेळ गारेला पेलतो तितके थर वाढतात.

गारपिटीकडे आपण मजा म्हणून बघतो, पण उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादला ३० एप्रिल १८८८ रोजी गारांनी २४६ माणसं मेली. बांगलादेशात गोपालगंजला १४ एप्रिल १९८६ रोजी पडलेली गार १.०२ किलोची होती, तिथे ९२ माणसं गेली. दोन्ही तारखा एप्रिलच्या आहेत, म्हणजे आपल्या वळवाच्याच दिवसांतल्या.

आता कोथरूडचं ऊन. वळवाचा ढग दहा-पंधरा किलोमीटर उंच, पण रुंदीला चार-पाच किलोमीटरच असू शकतो. तापलेल्या जमिनीवरून हवा वर जाते, तिला समुद्राकडचा दमटपणा मिळाला की मनोरा उभा राहतो आणि तासाभरात स्वतःच्याच पावसाच्या गारव्यानं कोसळतो. पावसाआधी तुमच्या खिडक्या आपटल्या तो वारा म्हणजे ढगातून खाली आदळलेली थंड हवा. ती पुढे सरकत जाते, वाटेतली गरम हवा उचलते आणि दुसऱ्याच पेठेवर नवा ढग उभा करते.

खजूर

दुबईत अकरा वर्षं आहे, मूळचा चिंचवडचा. इथल्या उन्हाळ्याचं लोक ऐकून असतात, पण दमटपणाचं बोलत नाहीत. ऑगस्टमध्ये पहाटे पाच वाजता बिल्डिंगच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की चष्मा पांढरा होतो, रुमालाने पुसला तरी दोन मिनिटं काही दिसत नाही. सौदीत धहरानला जुलै २००३ मध्ये दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते तो, ३५ अंश नोंदला होता. त्या हवेत घाम सुकतच नाही, आणि घाम सुकला नाही की अंग थंड व्हायचा मार्गच बंद.

घरातली एक गोष्ट सांगतो. टाकी गच्चीवर, त्यामुळे जून ते सप्टेंबर थंड पाण्याचा नळ चटका लागेल इतका गरम येतो. मग आम्ही गीझर बंद ठेवतो आणि अंघोळीला गरम पाण्याचा नळ वापरतो, कारण गीझरच्या टाकीतलं पाणी एसीच्या घरात राहून निवलेलं असतं. आई पहिल्यांदा आली तेव्हा तिला हे दोन दिवस पटत नव्हतं.

आणि मग १६ एप्रिल २०२४. अल ऐनजवळ खत्म अल शकला इथे चोवीस तासांत २५४ मिलिमीटर. १९४९ पासूनच्या नोंदींत एवढा पाऊस देशात कधी नव्हता. कोकणातल्या माणसाला हा आकडा ऐकून काही वाटणार नाही, पण इथे रस्त्यावरचं पाणी जायला पुरेशी सोय नव्हती, कारण पाऊसच क्वचित पडतो. विमानतळ पाण्यात होता. मी गाडी पुलावर सोडून चार किलोमीटर चालत घरी आलो आणि वाटेत लोक पाण्यात थांबून फोटो काढत होते. कुठल्या बाजूला खोल आहे हे त्यांना कळत नव्हतं. आपल्या चिंचवडला लहान पोरालाही कळतं की पाणी वळसे घेत असेल तिथे गटाराचं झाकण उघडं आहे.

मुळशीकर

खजूर, तुमचं शेवटचं वाक्य वाचून थांबलो. सवय हीच खरी गोष्ट आहे.

आमचं गाव ताम्हिणीच्या अलीकडे. पुण्याहून गाडीनं दीड-दोन तास. पुण्याला अख्ख्या वर्षात सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो, तो आषाढात जोर धरला तर आमच्याकडे चार दिवसांत होतो. २५ जुलै २०२४ ला ताम्हिणीला एका दिवसात साडेपाचशेच्या पुढे गेला. त्याच दिवशी तुमच्या सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. खडकवासल्याच्या वरच्या डोंगरांत असाच पडत होता, तो खाली आला.

झड लागली की आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस सूर्य दिसत नाही. पागोळ्यांचा आवाज इतका सवयीचा होतो की तो थांबला की रात्री जाग येते. कपडे चुलीवरच्या मांडवात वाळतात आणि सगळ्या घराच्या अंगाला धुराचा वास राहतो. आवणाच्या, म्हणजे भातलावणीच्या वेळी बाया इरलं पाठीवर घेऊन दिवसभर वाकून असतात. हे आम्हाला संकट वाटत नाही. पाऊस नाही आला तर घोर लागतो.

संकट कधी? एका वर्षी दिवाळी झाल्यावर भात कापलं, वाळायला शेतात पसरलं आणि दुसऱ्या दिवशी आभाळ आलं. पाऊस किती, तर पुण्यातला एक जोरदार वळीव पडावा तेवढा. जुलैत तेवढ्या पावसाला आम्ही घोंगडं डोक्यावर घेत नाही. पण तो तीन दिवस थांबून थांबून आला. चौथ्या दिवशी वडिलांनी एक पेंढी उचलली तर लोंबीतल्या दाण्यांना पांढरे कोंब फुटले होते, आणि पेंढ्या एकमेकींत गुंतून चटईसारख्या उचलल्या गेल्या. वडील काही बोलले नाहीत, ती पेंढी घेऊन बांधावर बसून राहिले. मोजमापात तो पाऊस कुठेच दिसणार नाही.

पर्वतीपायथा

मुळशीकर, तो कोंब डोळ्यांसमोरून जात नाही. तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

ओसरी

अमेरिकेत ओक्लाहोमात राहतो, शहराच्या दक्षिणेला. इथे शनिवारी दुपारी बारा वाजता भोंगा वाजतो, चाचणीचा. नवीन आलो तेव्हा पहिल्या शनिवारी बायकोने गॅस बंद करून मुलीला कडेवर घेतलं होतं.

मेक्सिकोच्या आखातातून उबदार ओली हवा येते, पश्चिमेच्या वाळवंटी पठारावरून कोरडी, आणि खूप वर थंड वारा वेगळ्याच दिशेनं वाहत असतो. सगळं एकत्र आलं की ढग स्वतःभोवती फिरायला लागतो. अशा दिवशी दुपारी आभाळाला हिरवट झाक येते, शेवाळलेल्या हौदातल्या पाण्यासारखी. पक्षी गप्प. मे २०१३ मध्ये आम्ही इथेच होतो. २० तारखेला मूर गावावरून गेलेल्या चक्रीवादळात (टोर्नेडोत) २४ माणसं गेली, त्यांत शाळेतली मुलं होती. अकराच दिवसांनी एल रेनोला आलं त्याची रुंदी ४.२ किलोमीटर होती. म्हणजे डेक्कनच्या पुलावर एक कड आणि दुसरी स्वारगेटच्याही पलीकडे, असं समजा.

आपल्याकडे वावटळ म्हणतो ती वेगळी, उन्हात जमिनीवरून उठते आणि पाचोळा फिरवून विरते. इथली ढगातून खाली उतरते.

मला जे शिकण्यासारखं वाटलं ते टीव्हीवरचा हवामानवाला. तो जिल्हा सांगत नाही, चौक सांगतो. "अमुक रस्ता आणि तमुक रस्ता यांच्या मधल्या लोकांनी आत्ता आत जा, तुमच्याकडे नऊ मिनिटं आहेत." आमच्या गॅरेजच्या जमिनीत पोलादी पेटी पुरलेली आहे, त्यात सहा माणसं गुडघे जवळ घेऊन बसतात. आत पाणी, टॉर्च, बूट आणि सायकलची हेल्मेटं. बूट का, तर बाहेर आल्यावर सगळीकडे काचा आणि खिळे असतात. दोनदा त्या पेटीत बसलोय. कान दडपतात.

कोनाडा

कॅलगरीहून. आमच्याकडचा चिनूक वारा सांगायलाच हवा.

जानेवारीत उणे २५, नाकातले केस श्वासागणिक ताठ होतात, रात्री गाडीच्या इंजिनाला वायर लावून ठेवावी लागते, नाहीतर सकाळी सुरू होत नाही. आणि एखाद्या सकाळी पश्चिमेला रॉकी पर्वतावर ढगांची लांबलचक कमान दिसते. कमानीखाली निळ्या आभाळाची पट्टी. मग वारा सुटतो आणि दुपारपर्यंत अधिक आठ-दहा. छपरावरचं बर्फ ठिबकायला लागतं, मुलं स्वेटर काढून फिरतात. दोन दिवसांनी परत उणे वीस. माझ्या सासूबाईंचं डोकं कमान दिसायच्या आधीच दुखायला लागतं, आणि इथे बऱ्याच जणांचं तसंच आहे.

अमेरिकेत साउथ डकोटामधल्या स्पीअरफिश गावी २२ जानेवारी १९४३ ला सकाळी साडेसातला उणे २० होतं, दोन मिनिटांनी अधिक ७. नंतर वारा थांबला तेव्हा पारा सत्तावीस मिनिटांत परत उणे २० वर घसरला आणि खिडक्यांच्या काचा तडकल्या.

बाष्प

कोनाडा, तुमच्या चिनूकचा भाऊबंद पुण्यातच आहे.

ओली हवा डोंगर चढताना थंड होते, पाऊस टाकते आणि पलीकडे उतरताना दर किलोमीटरला सुमारे दहा अंशांनी तापते. वर जाताना पाणी झालेल्या वाफेची उष्णता हवेतच राहिलेली असते, म्हणून पलीकडे ती मूळच्यापेक्षा गरम आणि कोरडी उतरते. रॉकीच्या पलीकडे त्याला चिनूक म्हणतात. सह्याद्रीच्या अलीकडे आपण त्याला पर्जन्यछाया म्हणतो. मुळशीकरांच्या गावावर जे पडलं तेच आपल्या वाट्याचं होतं. उतार आणि तापमानाचा फरक इथे कमी आहे म्हणून खिडक्या तडकत नाहीत, पण जुलैतल्या पुण्याची ती भुरभुर, छत्री उघडू की नको असा पाऊस, ही त्याच कारणाने आहे. बारामतीकडे जाल तर तीही नाही.

पायवाट

मी एका जुलैत मुद्दाम मेघालयात चेरापुंजीला, म्हणजे सोहराला, सहा दिवस राहिलो. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत तिथे २६,४६१ मिलिमीटर पाऊस झाला, हा विक्रम अजून टिकून आहे. वर्षाच्या सरासरीत शेजारचं मावसिनराम पुढे आहे, बारा हजारांच्या जवळ.

बांगलादेशची सपाटी ओलांडून आलेले ढग खासी टेकड्यांच्या भिंतीवर एकदम आदळतात. मी कड्यावर उभा होतो आणि ढग खालून वर, माझ्या पायांकडून तोंडाकडे येत होते.

मुळशीकरांनी इरलं म्हटलं म्हणून लिहायला बसलो. तिथे शेतातल्या बायका पाठीवर 'कनूप' घेतात. बांबूच्या कामट्या आणि पानं, शिंपल्याच्या आकाराचं, डोक्यापासून गुडघ्यांपर्यंत. दोन्ही हात मोकळे. मला ते बघून मावळातली भातखाचरंच आठवली. दोन हजार किलोमीटरवर, भाषेचा संबंध नसताना, पावसानं दोन्हीकडच्या माणसांच्या हातून तेच करून घेतलं. एका घरात मी ते अंगावर घेऊन पाहिलं. छत्रीत आपण पाऊस ऐकतो तो ताडताड, यात तो दूर गेल्यासारखा येतो, भाताची साळ सुपात पाखडावी तसा.

आणि तिथेच हिवाळ्यात बाया पाण्याचे हंडे घेऊन झऱ्यावर रांगेत असतात. चुनखडी आणि उतार, पाणी थांबतच नाही.

थेम्सकाठ

लंडनचं थोडक्यात. १९ जुलै २०२२ ला लिंकनशरमधल्या कॉनिंग्सबीला ४०.३ अंश झालं. इकडे ४० पहिल्यांदाच ओलांडलं. पुण्याच्या नातेवाइकांनी विचारलं, एवढं काय त्यात? घर थंडी आत येऊ नये म्हणून बांधलेलं, भिंतींत लोकरीसारखं भरण, एसी नाही, पंखा दुकानात मिळत नव्हता. शेजारचे आजोबा एकटे राहतात. मी त्यांना दुपारी पडदे लावायला आणि रात्री खिडक्या उघडायला सांगितलं, पायावर ओला पंचा ठेवला. ते म्हणाले, ऊन आलं की आम्ही पडदे उघडतो, आयुष्यभर तेच केलं.

निशिगंध

मेलबर्नला मुलं शिकायला पाठवणाऱ्यांनी हे वाचावं, म्हणून जरा सविस्तर.

इथे एका दिवसात चार ऋतू होतात असं म्हणतात आणि ते खरंच आहे. उत्तरेकडून वाळवंटाची भट्टी येते आणि तासाभरात दक्षिणेच्या समुद्रावरून गार वारा, पंधरा अंशांनी पारा खाली. त्याची सवय होते. ज्याची सवय नव्हती ते २१ नोव्हेंबर २०१६ ला झालं. संध्याकाळी वादळ आलं, साधंच, फार पाऊसही नाही. आणि शहरभर माणसांना श्वास लागेना. हजारो लोक दवाखान्यांत गेले, रुग्णवाहिका पुरेनात, दहा जण दगावले.

वसंतात आजूबाजूच्या कुरणांत राय गवत फुलोऱ्यावर असतं. त्याचे परागकण एरवी मोठे, नाकातच अडकतात, शिंका येतात. वादळाच्या ओलाव्यानं ते फुगून फुटतात, बारीक कण होतात आणि खाली आदळणाऱ्या वाऱ्याबरोबर, वर बाष्प यांनी सांगितला तोच वारा, जमिनीच्या पातळीला पसरतात. ते थेट फुप्फुसात. ज्यांना आयुष्यात कधी दमा नव्हता, नुसत्या वसंतात शिंका यायच्या, अशांनाही झटका आला. माझा भाचा त्यांपैकी. नळस्टॉपजवळ लहानाचा मोठा झालेला मुलगा, दम्याचं नाव माहीत नाही. खोलीच्या खिडकीत उभा राहून पहिल्या पावसाचा वास घ्यायला गेला होता. मावशी, श्वास आत जातोय पण बाहेर येत नाहीये, असं फोनवर तुटक बोलला. मी गाडी कशी चालवली मला आठवत नाही. तो बरा आहे.

आता ऑक्टोबर ते डिसेंबर रोजचा अंदाज निघतो. धोका जास्त असेल त्या दिवशी वादळ यायच्या आधी खिडक्या बंद, आणि पंप जवळ. पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हे सांगते. पावसाआधीच्या वाऱ्यात उभं राहणं आपल्याला लहानपणापासून आवडतं, म्हणूनच सांगते.

नांगर

मर्चंट नेव्हीत इंजिनियर होतो, आता बाणेरला घरी. व्हेनेझुएलातल्या माराकाइबोला तेलाच्या टँकरवर गेलो होतो. तिथे सरोवराच्या दक्षिण टोकाला काताटुंबो नदी मिळते, त्या आभाळात वर्षातल्या बहुतेक रात्री विजा चमकतात. पृथ्वीवर सगळ्यात दाट विजा तिथेच, दर चौरस किलोमीटरला वर्षाला २३० हून जास्त.

डेकवर उभं राहिलं की क्षितिजावर सारखी फडफड, आणि आवाज शून्य. एवढ्या लांबून गडगडाट पोचत नाही. दोन चमकांमध्ये अंधार व्हायला वेळच मिळत नव्हता. रेलिंगची सावली लोखंडावर थरथरताना दिसायची. जुने खलाशी त्याला माराकाइबोचा दीपस्तंभ म्हणायचे, आणि तिथल्या सुलिया राज्याच्या झेंड्यावर वीज आहे. तिन्ही बाजूंना डोंगर, मधे कोमट पाणी, रात्री डोंगरावरून उतरणारा गार वारा. रोज तेच जुळून येतं.

आवाज नसलेली वीज मी पाहिली आणि घरी आल्यावर वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, आपल्या शेतात आवाज आणि उजेड एकत्र आला तेव्हा आपला बैल गेला होता.

बाष्प

नांगर, तुमच्या वडिलांनी नेमकं सांगितलं. उजेड आणि आवाज यांतले सेकंद मोजा, तीननं भागा, तितके किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर तुम्ही टप्प्यात आहात. झाडाखाली जाऊ नका, पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं 'दामिनी' नावाचं ॲप केलंय, आसपास वीज पडायची शक्यता असली की ते सांगतं. शेतावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये घालून द्या.

दिवेघाट

एक शंका. हल्ली जोराचा पाऊस आला की बातमीत ढगफुटी म्हणतात. नक्की कशाला म्हणायचं?

बाष्प

तासाला १०० मिलिमीटर किंवा जास्त, आणि तोही वीस-तीस चौरस किलोमीटर एवढ्या लहान जागेत. पुण्यात ४ ऑक्टोबर २०१० ला संध्याकाळी जो कोसळला तो या जवळ जाणारा होता. शिवाजीनगरची नोंद १८१ मिलिमीटर, पण ती तुम्हाला जुन्या वहीत ५ तारखेसमोर सापडेल. आमचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या सकाळी साडेआठला मोजून त्या तारखेला लिहितो. तो हस्ताचा पाऊस होता. 'पडेल हत्ती तर पाडील भिंती' असं म्हातारे म्हणायचे, आणि त्या रात्री भिंती पडल्या.

पण २६ जुलै २००५ ची मुंबई आठवा. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७४. मुंबईत किती पडला, याला काय उत्तर देणार? पर्वतीपायथा यांनी पहिल्या पोस्टमध्ये हेच विचारलंय. वेधशाळेचं माप त्या जागेपुरतं खरं असतं. बाकीच्या गल्ल्यांना मापच नाही.

म्हणून एक मागणं आहे. प्रत्येकाने गच्चीवर मापक ठेवा. दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या, गळा निमुळता होतो तिथे कापा. तो गळा उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा. तळाशी खडे घाला म्हणजे वाऱ्यानं पडणार नाही, आणि जिथून बाटली सरळ होते तिथपर्यंत पाणी भरा. ती रेष म्हणजे शून्य. वर पट्टी चिकटवा. भिंतीपासून आणि झाडापासून लांब ठेवा, भिंतीच्या उंचीच्या दुप्पट तरी. रोज सकाळी साडेआठला वाचा. एक मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. स्वतःच्या गच्चीचा हिशेब करून बघा, २५ सप्टेंबरला ओढ्याला कुठून किती आलं ते कळायला लागेल.

पर्वतीपायथा

काका, केलं. बाटली टाकीच्या कट्ट्यावर ठेवली होती, तुमचं वाचून गच्चीच्या मधोमध आणली. बहिणीलाही कोथरूडला करायला लावली. ओढ्याच्या वरच्या अंगाला, कात्रजला कुणी आहे का इथे?

दिवेघाट

मी आंबेगाव बुद्रुकला. आज करतो. कात्रजला मित्र आहे, त्यालाही देतो.

मुळशीकर

आमच्याकडे दोन लिटरची बाटली आषाढात एका रात्रीत भरून वाहील. पाच लिटरचा कॅन सरळ कापून ठेवलाय.

बाष्प

मुळशीकर, जोर असेल तेव्हा तीन-तीन तासांनी वाचा आणि ओतून द्या. प्रत्येक वेळी लिहून मगच ओता.

पर्वतीपायथा

काल संध्याकाळी पाच ते सहा वळीव झाला. आज सकाळी साडेआठचं वाचन:

सहकारनगर २३. कोथरूड ४. आंबेगाव बुद्रुक ४१. कात्रज ४६. बाणेर शून्य, नांगर म्हणतात धूळही उडाली नाही. मुळशीकरांकडे दोन थेंब, मोजता आले नाहीत.

काल रात्री साडेसातला मी ओढ्याच्या पुलावर गेले होते. आमच्याकडे पाऊस थांबून दीड तास झाला होता आणि पाणी तेव्हा चढत होतं. पुलाच्या दुसऱ्या पायरीला लागलं, पावणेनऊला उतरायला लागलं. वेळा वहीत लिहिल्या आहेत. पुढच्या वेळी कात्रजच्या मित्राने चाळीस ओलांडल्याबरोबर इथे लिहावं, मी तळमजल्यावर सांगून येईन.